वरचा बंक

शुक्रवार पेठेत सावर्डेकरांच्या छापखान्यात
आता आठ बेड, एक गीझर,
काउंटरवर वाटीभर शिशाचे खिळे, शोभेला.
रजिस्टरात ‘कुठून आलात’पुढं
पुणे लिहिलं. पेन जरा अडलं.

वरच्या बंकवरची लिस्बनची इनेस
पाय सोडून बसते, नकाशावर बोट ठेवते:
ही गंगावेस. पहाटे म्हशी येतात,
समोर धार काढतात,
ग्लास एका दमात संपवायचा,
मिशी आली तर पुसायची नाही.
मी मान डोलवतो.
थोरला भाऊ त्याच कट्ट्यावर
माझं नाक दाबून पाजायचा,
ते राहू दे.

‘पहिल्यांदाच आलास?’
वरून आवाज, दिवा गेल्यावर.
‘तसंच समज.’
बंक करकरतो.

पाचला तीच हलवते:
ऊठ, म्हशी थांबत नाहीत.