दीड हाताची भिंत

वीस वर्षं मी दुसऱ्यांचे स्लॅब टाकले.
भंडारा, तुमसर, नागपूरचा रिंगरोड.
सेंट्रिंगच्या फळ्यांमधून
आभाळ पट्ट्यापट्ट्यांनी दिसायचं.
स्वतःचं घर बांधायची पाळी आली
तेव्हा म्हटलं, मातीचं बांधू.
टपरीवर दोन दिवस तोच विषय.

माय मात्र हसली नाही.
"जलमभर सारवलं म्या.
बोटाच्या सांदीत शेण घेऊनच जेवली.
आता लेक गवंडी असून
मले पुन्हा मातीतच ठेवतं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
ताराचंदची स्लॅबची खोली होती फक्त,
मीच बांधलेली,
जिथं मे महिन्यात रात्री दोनलाही
भिंतीला पाठ टेकवत नाही
अन् कोरडा कुलर नुसता घरघरतो.

माप काढायला आम्ही चौघं
सांजेच्या वेळी
रिकाम्या जागेवर आडवे झालो.
सम्यक झोपेत लोळतो,
त्याच्या बाजूला हातभर जास्त.
रत्नमाला उठून बसली.
"अन् भांडण झालं तर?
तोंड फिरवून बसाले एक कोपरा पाहिजे."
फक्कीनं मी तोही आखला.
अठरा बाय बावीस.
त्यात मायची खाट, गॅस, सुजातासाठी अभ्यासाची फळी
आणि तो कोपरा.

बांबू एकवीस दिवस बोडीत बुडवले.
लटारू बुरूडानं वर ओढले तेव्हा
अशी घाण सुटली
की म्हशी पाण्यातून बाहेर आल्या.
"बांबूतलं गोड गेलं समज," तो म्हणाला.
"घुण गोडालेच लागते.
माणसाईलेबी."

जोतं दगडाचं, गुडघ्याच्या वर.
त्यावर माती, तणस, शेण,
पोरांनी पायांनी तुडवलेलं.
दीड हात जाड भिंत.
सवयीनं मी ओळंबा सोडला,
तर मधोमध थोडी फुगलेली.
सिमेंटात हे पाप.
लटारूनं विडी पेटवली, डोळा बारीक केला.
"जेवलेली दिसते."
मी ओळंबा गुंडाळून खिशात टाकला.

कवेलू रुपयाला एक, गावातूनच मिळाले.
किती तरी घरांवरून
ते मीच उतरवले होते एकेकाळी,
खालून कोणी झेलतंय का
हेही न पाहता.
आता एकेक वाजवून घेतला कानाशी.
फुटका कवेलू बद्द बोलतो.

सारवण मी स्वतःकडे घेतलं.
बायको म्हणाली, बघू.
थापी धरलेला हात
शेणात शिरायला तयार नव्हता;
सपाट करायला जायचा, रेघा मोडायचा.
तिसऱ्या रविवारी कुठं
अर्धी चंद्रकोर जमली,
पुढची तिच्याशी भांडणारी.
गुडघे दुखले.
मायचे गुडघे मी तोवर
म्हातारपणाचे समजत होतो.

ती आली, दारात उभी राहिली.
बाहेर ऊन टिनासारखं वाजत होतं.
आत येऊन भिंतीला तळवा लावला,
तसाच ठेवला बराच वेळ,
ताप पाहावा तसा.
मग खाली वाकली.
"अथी शेण जास्त झालं."

आणि खाटेची जागा पाहत
"खिडकीजवळ नोको टाकू.
बोडीचे मच्छर येतेत."