कड

तोंड आलं की माणूस तोंड मिटतो.
वेन्दलीनने तर एरवीही फारसं उघडलं नव्हतं,
त्यामुळे मला आधी सांगितलं ते सूपाने.
आंबट कोबीचं सूप, त्याच्या आवडीचं,
ताटलीत तसंच, वर सायीसारखी चरबी गोठलेली.
"भूक नाही," म्हणाला,
आणि उभ्याउभ्या थंड दूध प्याला, एका बाजूने.

मग भट्टीवर काचेने चहाडी केली.
पेले डावीकडे कलायला लागले.
तेहेतीस वर्षं उजव्या कोपऱ्यात धरलेली लोखंडी नळी
त्याने गुपचूप डावीकडे घेतली होती.
क्विदोने पाहिलं, पण ब्र काढला नाही.
संध्याकाळी माझ्या हातावर चार लवंगा ठेवून गेला, बस.

मोहरीमुळे असेल, तो म्हणाला.
नव्या टूथपेस्टमुळे. झोप नाही म्हणून.
शेजारच्या ब्लाजेनाने स्लिवोवित्सेची चूळ भरायला लावली;
वेन्दलीन अंगणभर नाचला,
लग्नातसुद्धा नाचला नव्हता इतका.
मी कुंपणाकाठचा सेज तोडला,
उकळला, गाळला, चिमूटभर मीठ, कोमट करून दिला.
त्याचा उतारा तासाभराचा.
त्या तासात तो माझ्याशी बोलायचा.
मी दिवसातून पाचदा उकळू लागले.

दुखतं म्हणून त्या बाजूला ब्रश नाही,
ब्रश नाही म्हणून हिरडी सुजलेली,
बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. तो नळ जोरात सोडायचा,
जणू मला ऐकू येतं, दिसत नाही.

पाचव्या आठवड्यात मीच नेलं त्याला
खालच्या गावात, डॉक्टर राडाना होश्कोवाकडे. पोरगीच ती.
"किती दिवस?" तिने विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.
"तीन आठवड्यांच्या वर टिकलेला फोड
घरात सांभाळायचा नसतो," ती म्हणाली,
रागावून नाही. म्हणून मला जास्त भीती वाटली.

आरसा आत गेला. दिवा हलला.
मागची दाढ, तडकलेली, एक कोपरा सुरीसारखा.
तो फुंकायचा, गाल फुगायचा,
परतताना रोज त्याच धारेवर घासायचा.
दिवसाला दोनशे पेले.

ज्याने आयुष्यभर प्रत्येक काठ
बोट फिरवून, घासून, पुन्हा बोट फिरवून पुढे दिला,
त्याच्या तोंडात ही एक कड राहून गेली.

तिने ती घासली. अर्ध्या मिनिटाचं काम.
हिरडी साफ केली, मऊ ब्रश दिला.
"दोन आठवड्यांनी या. भरलं नसेल तर
तुकडा काढून तपासायला पाठवू."
तुकडा कशासाठी, हे त्याने विचारलं नाही.
मीही नाही. बसमध्ये आम्ही बटाट्यांच्या भावावर बोललो.

दिवस मोजायचे नाहीत असं ठरवून मी मोजले.
सेज संपला, कुंपणाशी नुसत्या काड्या उरल्या.

अकराव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "ख्रेन आहे का?"
मी मूळ किसलं, ताजं, नाकात जाणारं.
त्याने चमचाभर घेतलं, उजव्या बाजूने चावलं,
डोळ्यांतून घळाघळा पाणी.
माझ्याही.
मी तर चाखलंही नव्हतं.