चाव्यांचा जुडगा

पाच वाजता शेवटची बस जाते
आणि गाव माझ्या हाती येतं.
सतरा इमारती, चाव्या सोळा.
तुरुंगाची चावी शेरीफनंच कधीतरी
दारूच्या भरात बर्फात भिरकावली म्हणतात,
तेव्हापासून इथं रात्रंदिवस उघडा
तेवढा तुरुंगच.

हे गाव कधी गाव नव्हतंच.
चर्च आलं चाळीस मैलांवरून,
कळस वेगळा, ट्रकवर आडवा निजवलेला.
शाळा आली दोन तुकड्यांत;
सांधा गेलाय फळ्याच्या मधोमध,
गणित अलीकडे, उत्तर पलीकडे.
रेल्वे स्टेशन आलं, रूळ आले नाहीत.
तिथल्या घड्याळाला मी रोज किल्ली देतो,
न येणाऱ्या गाडीला
निदान उशीर तरी होऊ नये.

आसेनांचं घर आणलं जानेवारीत.
नेब्रास्कात घरं हलवायची ती जमीन
गोठून दगड झाल्यावर.
पुढं दोन ट्रॅक्टर, आणि छपरावर पोटावर पडून
विजेच्या तारा काठीनं उचलणारा एक पोरगा.
फडताळात कुणाचा तरी कप राहिला होता,
तो इथं पोचेपर्यंत जागचा हलला नाही.
मग समितीनं घराला जरासं वळवलं:
दार रस्त्याकडे हवं,
लोकांना फोटो काढायला बरं.

एप्रिलमध्ये बोर्गहिल्ड आसेन आली.
वय एक्क्याण्णव. तिकीट काढलं नाही.
दोरी ओलांडून सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली.
हटकायला हवं होतं मी.
तिनंच विचारलं, किती वाजले?
दहा, मी म्हटलं.
"मग ऊन कुठंय?"

या खिडकीत आई कणीक ठेवायची, ती म्हणाली.
ऊन आधी कणकेवर यायचं,
मग सरकत सरकत नील्सच्या खाटेवर.
घटसर्पाच्या त्या वर्षी
ते खाटेपर्यंत आलं, आणि खाट रिकामी.
"आणि तुम्ही सूर्य चुलीमागं उगवायला लावलात?"
काठवटीतल्या गोळ्यात तिनं बोट खुपसलं.
तो प्लास्टरचा. नख दुखावलं असणार.

त्यानंतर दर गुरुवारी.

गवत कापायला व्हर्नेल रेडविंग येतो.
गावाच्या टोकाला, शेवटच्या कुंपणापलीकडे,
गवताचा एक गोल तो दरवर्षी सोडून देतो.
तिथं पाटी नाही, नकाशावर आकडा नाही.
एकदा विचारलं मी.
मशीन बंद न करताच म्हणाला,
"दार पूर्वेला होतं."
पुढचं काही बोलला असेल तर
ते पात्यांच्या आवाजात गेलं.
जमीन कचेरीची चावी जुडग्यात पहिली येते.
आत काचेखाली कागद आहे,
एकशे साठ एकर, शाई अजून निळी.
मागच्या भिंतीला खिडकी नाही.
तो गोल तिकडेच आहे.

काल गुरुवार.
पाच वाजता आसेनांच्या दारात पोचलो तर
काठवट जागेवर नव्हती.
तिनं ती ओढत ओढत
पश्चिमेच्या खिडकीशी नेली होती,
प्लास्टरचा गोळा जमिनीवर, कोपऱ्यात,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
आणि काठवटीत
खरी कणीक.
घरून मळून आणलेली, टोपीच्या डब्यातून असेल.
उतरत्या उन्हात ती फुगून
काठावरून ओघळायला लागलेली.

समितीचा नियम आहे, क्रमांक चार:
प्रदर्शनात नासणारं काही ठेवू नये.
चुलीला चिमणीच नाही, भाजणार कशी?
बोर्गहिल्ड तर केव्हाच गेली होती,
नात गाडी घेऊन येते चारला.

मी दोरीच्या आत गेलो,
तिच्या खुर्चीवर बसलो.
ऊन कणकेवरून उतरलं, फरशीवर आलं,
खाटेच्या पायाला लागलं,
वर चढायला लागलं.
मी उठलो नाही.
खमिराचा वास दारातून बाहेर पडून
स्टेशनापर्यंत पोचला असावा.
काल घड्याळाला किल्ली द्यायची
राहून गेली.