कूलर बंद करून ऐकावं असं काही

देवतळे, तुम्ही उजव्या स्पीकरपाशी बसा.
डावा कान गेलाय तुमचा, आणि या सीडीत
बास सगळा उजवीकडून येतो,
जाड, लाकडी, फणसाच्या बुंध्यावर थाप मारावी तसा.

पहिलं गाणं सोडून द्या.
(शब्द नाहीत, तरी मी गाणंच म्हणतो.)
पहिल्यात तिघं अजून एकमेकांना 'अहो' म्हणताहेत.
तिसऱ्यापासून लावा.
तिथे अरेतुरेवर येतात.

उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात, बर्फात वाजवलेलं हे.
कव्हरवर एक धक्का, एक होडी, माणूस नाही.
इथे सेहेचाळीस.
गोकुळपेठेत डांबर चपलेला धरून ठेवतं.

म्हणून विनंती एवढीच :
चौथ्या गाण्यात, सव्वादोन मिनिटांनी,
कूलर बंद करा.
काय मागतोय ते ठाऊक आहे मला.
मे महिन्यात, दुपारी तीनला, नागपूरचा माणूस
जमीन लिहून देईल, कूलर बंद करणार नाही.
पण तिथे ड्रमवाला काड्या ठेवून कुंचले घेतो,
आणि कुंचल्यांचा अन् कूलरच्या ओल्या गवताचा
आवाज एकच.
फुलझेले तर सहा महिने
पंप बिघडलाय समजत होता.

पियानोवाला घाई करत नाही.
काठोकाठ ताकाची वाटी ठेवावी
तसा एक सूर ठेवतो.
मग दुसरा.
मधली जागा पुसत नाही.

बन्सोडबाई म्हणाल्या होत्या,
"सम कुठे आहे याच्यात?
नुसते फिरून राहिले बावा हे तिघं!"
आहे, बाई. सम आहे.
बासवाला तिच्या अंगणात जाऊन येतो,
कडी वाजवत नाही.

गेल्या शनिवारी नेमकी तिथेच लाईन गेली.
कूलर गेला, पियानो गेला.
पत्र्यावरून एक खार धावली, तेवढी ऐकू आली.
कोणी काही बोललं नाही.
मग आत, माठातून पाणी काढता काढता
बन्सोडबाई
पुढचे आठ सूर गुणगुणल्या.
एक चुकला.
तो चुकलेलाच अजून डोक्यात आहे माझ्या.

आणखी दोन निळ्या पिशवीत ठेवल्यात.
पॅरिसवाली संध्याकाळी ऐका, फुटाळ्यावरून आल्यावर.
इटलीवाली उपाशीपोटी नको.
गुरुवारपर्यंत परत द्या,
आणि गाडीत, काचेखाली ठेवू नका.
मागची एक तिथेच
पापडासारखी वळली.