तेमा

ग्राइफ्सवाल्डला नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
दुसऱ्या मजल्यावर, सेमिनारच्या खोलीत,
हीटर म्हाताऱ्यासारखा खाकरतो
आणि टेबलावर मारेटच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण:
हीउमा बेटावरच्या अल्विने नावाच्या शिक्षिकेनं
बहिणीला लिहिलेली एकेचाळीस पत्रं,
एस्टोनियनमधून जर्मनमध्ये.

पत्रांत कुणीतरी आहे. तेमा.
तेमा म्हणजे तो. तेमा म्हणजे ती.
मारेटच्या भाषेला हा फरक विचारायची सवयच नाही.
नाव एकदाही नाही. बहिणीला माहीत होतं,
मग लिहायचं कशाला?

तेमानं शेगडीचं धुराडं साफ केलं.
तेमानं अल्विनेचं माप नुसत्या नजरेनं घेऊन
निळा स्वेटर विणला.
तेमाच्या खिशात कायम खिळे,
तेमाचं हसू ओल्या सरपणासारखं,
उशिरा पेटणारं.

खिळे वाचून ओत्ताविओ म्हणाला, पुरुष.
स्वेटर वाचून यागना म्हणाली, बाई,
आणि मग स्वतःच म्हणाली,
आमच्या बंदरावरचे खलाशीही विणायचे म्हणा.
डॉक्टर हिन्रिक्सबाईंनी चष्मा पुसला.
जर्मन वाक्य असं अधांतरी राहत नाही, त्या म्हणाल्या,
एर लिही नाहीतर झी लिही, खाली तळटीप दे.
तळटीपेत बरंच काही झाकता येतं.

मारेट माझ्याकडे वळली:
तुमच्यात कसं?

मराठी चुगलखोर आहे, मी म्हटलं.
सर्वनाम गाळलं तरी क्रियापद जाऊन सांगतं.
आला. आली. उंबऱ्यावरच पकडतं.
पण हातानं काही केलं, की माणूस सुटतो:
धुराडं साफ केलं, स्वेटर विणला, खिळे ठोकले.
क्रियापद धुराड्याकडे बघतं, स्वेटरकडे, खिळ्यांकडे,
कुणी केलं, तिकडे बघतच नाही.
अडतं ते नुसतं येण्याजाण्यापाशी.

आणि प्रेम? ओत्ताविओनं विचारलं.
प्रेम केलं, मी म्हटलं.
आमच्यात ते नपुंसकलिंगी. तिथेही सुटका.

सगळे हसले. मारेट नाही.
तिच्यापुढे एकेचाळिसावं पत्र होतं,
सप्टेंबर चव्वेचाळीस.
किनाऱ्यावरून रात्री होड्या स्वीडनकडे निघत होत्या,
कोण कुठल्या होडीत, कुणालाच धड ठाऊक नव्हतं.
अल्विने लिहिते, बटाटे काढून झाले. दोन पोती.
मांजर पुन्हा व्यायलंय.
आणि शेवटी, सहीच्या वर, दोनच शब्द:
तेमा तुलेब.

या भाषेला भविष्यकाळही नाही.
वर्तमानातच उद्याची सोय केलेली असते,
पाहुण्याची गादी दिवाणाखाली ठेवावी तशी.

संध्याकाळी नदीकाठानं सायकली ढकलत जाताना
मारेट म्हणाली, ते वाक्य तुझ्यात म्हण.
येईल, मी म्हटलं.
कोण?
कुणीही. अजून पोचायचंय ना.
आमच्यात पोचलेल्यालाच लिंग चिकटतं.

ती थांबली. हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि तळहातावर तिच्या लिपीत लिहून घेतलं: येईल.
घरी जाऊन धुवायच्या आत पुसलंही असेल.

एप्रिलमध्ये प्रबंध दिला.
एर नाही, झी नाही. सगळीकडे तेमा,
जर्मन वाक्यांच्या घशात अडकलेलं हाडूक.
गुण कापले गेले ते गेलेच.
अठ्ठ्याऐंशीव्या पानावर समासात
हिन्रिक्सबाईंची लाल शाई: पण कोण?

मारेटनं उत्तर दिलं नाही.
तिची त्या पानावर एकच तळटीप आहे, बटाट्यांची.
बेटावरच्या जुन्या नोंदी तिनं तपासल्या होत्या:
त्या काळी एका माणसाला हिवाळाभर
एक पोतं पुरायचं.