तिजोरीचा सीन

वालपराइसोच्या बंदरात 'तिसरी शिट्टी' लागला
तेव्हा मी दारावर तिकिटं फाडत होतो.
साल बावन्न. पोस्टरवर पिस्तूल, जहाज,
आणि एक बाई, जी सिनेमात कुठेच नव्हती.

सान्तियागोच्या पेपरानं साडेतीन ओळी खर्चल्या:
नायक लाकडी, रात्री फार काळ्या,
आणि तिजोरी फोडायचा प्रसंग तर
शेंबड्या पोरालाही पटणार नाही.

आमच्या लोकांची तक्रार निराळी.
नायक टेकडीच्या पायऱ्या धावत उतरतो
आणि थेट मासळीबाजारात निघतो.
"अरे गाढवा, ती वाट तिकडं जात नाही!"
खलाशी उभे राहून पडद्याला रस्ता सांगायचे.
उताराच्या लिफ्टमध्ये मारामारी सुरू झाली
की लिफ्टवाला रोहेलियो खुर्चीवर चढायचा:
"तो मी! तो कोपर माझा!"
खरंच, अर्धा कोपर होता.

तिजोरी मात्र अस्सल.
म्हाताऱ्या बार्रिएन्तोसच्या गहाणपेढीतली,
दिवसाला चाळीस पेसो भाडं, वर चार पास.
चारही पास तो एकटाच वापरायचा,
कडेच्या खुर्चीत, हॅट मांडीवर,
शेजाऱ्याला ढोसत: "माझी आहे. कशी दिसते बघ."

पडद्यावर चोर तिला कान लावतो.
डावीकडे अकरा. उजवीकडे चार.
पुन्हा डावीकडे…
शेंगदाणे फोडणारे हात थांबायचे.

सहाव्या आठवड्यात, तेरा तारखेच्या मंगळवारी,
पेढीतली तिजोरी सताड उघडी सापडली.
एक ओरखडा नाही.
आकडे बदलायचे, हे म्हाताऱ्याला सुचलंच नव्हतं.

इन्स्पेक्टर सान्वेसा मग रोज यायला लागला.
तिकीट काढून यायचा, एवढं सांगायला हवं.
पडद्याकडं पाठ करून बसायचा,
पुटपुटणारे ओठ हेरत.
डावीकडे अकरा,
आणि तीनशे ओठ एकदम हलले.
पोरांचे, हमालांचे, पाद्र्याच्या बहिणीचे.
त्यानं वही मिटली.
मग सावकाश दाराकडं पाहिलं.
माझेही हलत होते.

बार्रिएन्तोसनं सान्तियागोला पत्र धाडलं:
प्रसंग पटण्याजोगा आहे, पुरावा सोबत जोडला आहे,
समीक्षकानं शब्द मागे घ्यावेत.
पत्र छापलं नाही.

रिळं पुढं उत्तरेला इकीकेला गेली.
चोर सापडला नाही.
पोस्टरवरची ती बाई कोण,
तेही नाही.