कानशीचा हात

सारंगखेड्याच्या यात्रेत माझं पाल दरसाल
झुली-घुंगरांच्या ओळीत शेवटचं, नदीच्या अंगाला.
मी उखर्डू लोहार, म्हसावदचा.
नाल, रिकिबी, कड्या.
सगळ्यात जास्त खपते ती काट्याची कडी:
आतून चार दाते, दोन इकडं, दोन तिकडं,
जिभेवर टेकले की घोडं मान ताणून पाय उचलतं
आणि लोक म्हणतात, काय रुबाब!
तीस वर्षं मीही रुबाबच म्हणालो.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी
तापीवरचं धुकं उठायच्या आत वेस्ता आला,
पावऱ्यांचं पोरगं, मिसरूडही न फुटलेलं,
तोरणमाळचा घाट उतरून दोन दिवस चालत.
मागं दगाजीची घोडी.
रेवडी. याच यात्रेत घेतलेली,
पांढऱ्या अंगावर तीळ सांडल्यासारखे ठिपके म्हणून हे नाव.

"मालकानं सांगितलंय, नवी कडी द्या. जरा कडक.
ही आता ऐकत नाही."

रविवारी तलावाला किती फेऱ्या, मी विचारलं.
त्यानं बोटं मोजली. दहा संपली,
मग घोडीच्या कानाला हात लावला. अकरावी.
सुरतेची माणसं, इंदूरची माणसं,
एका खोगिरावर दोघं आणि पुढं लेकरू,
व्हिडिओ नीट आला नाही म्हणून
पुन्हा पळवायला लावणारी.
पाणी?
तलाव समोरच आहे, काका.
थांबलं की फेरी बुडते.

माप घ्यायला मी तिचा ओठ उचलला.

जिभेवर चार चरे.
एक जुना, पांढरा पडलेला. तीन ओले.
आणि डावीकडचा दुसरा
जरासा तिरपा.

डाव्या बाजूच्या दुसऱ्या दात्याला
माझी कानस तिरपी जाते.
लहानपणी बापानं सांडशी फेकून मारली,
तरी ती खोड गेली नाही.
कडीवर मी कधी नाव कोरलं नाही.
इथं होतं.

"काका, झालं का माप?"

झालं, म्हणालो.
तिच्या तोंडातली कडी काढून
दाते पार बोडके केले, बोट फिरवून पाहिलं,
गरम पाण्यात बुडवून परत बसवली.
दगाजीला सांग, नवा प्रकार आहे, इंदूरला हाच चालतो.
आणि दोघांना एकदम बसवू नको.
पोरगं हसलं. "मला कोण विचारतं?"

निघताना गुळाचा खडा धरला.
तिनं हात हुंगला, लोखंडाचा वास,
आणि मान वळवली.
खडा वेस्त्याच्या हातावर ठेवला.

रात्री रिंगणात गर्दी.
खाटेवर एक काळा घोडा मागच्या पायांवर उभा,
ढोल, शिट्ट्या, वर उडतं कॅमेऱ्याचं भिंगरं.
त्याच्या ओठांवर फेस होता, गुलाबी.
इतकी वर्षं मला वाटायचं,
दिव्यांचा रंग पडतो.

पेटीत सतरा कड्या उरल्या होत्या.
सकाळीच तीन विकल्या गेलेल्या,
त्या कोणाच्या तोंडात आहेत, शोधायला मी गेलो नाही.
हे लपवत नाही.
सतरा घेऊन कंदिलाशी बसलो.
निंबाबाई उठून बसली,
"डोकं फिरनं का तुनं? पोट काय हवावर भरी?"
तिचं खोटं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेजारच्या पालातल्या
काट्याच्या सगळ्या कड्या संपल्या,
माझ्याकडं गिऱ्हाईक यायचं, आत बोट घालून बघायचं,
म्हणायचं, ही तर बोथट आहे.
होय, बोथटच आहे.

पालासमोर रात्रीचा भुगा पडला होता,
उन्हात बारीक चमकणारा.
निंबाबाईनं खराटा घेतला.
मला वाटलं, ढकलेल वाटेवर.
तिनं सगळा एका कागदात गोळा केला,
घट्ट पुडी बांधली,
"जनावरांच्या पायाखाली नको,"
एवढंच म्हणाली,
आणि चुलीत लाकूड सारलं.